मादागास्करचे पंतप्रधान: गादी राणीची, मग कारभार कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा होता: "एकोणिसाव्या शतकात मादागास्करच्या एका पंतप्रधानाने लागोपाठ तीन राण्यांशी लग्न केलं आणि एकतीस वर्षं राज्य केलं, असं वाचलं. मग राणी नुसती नावापुरती होती का? आणि हे आपल्याकडच्या छत्रपती-पेशव्यांसारखंच झालं ना?"

हिंदी महासागराचा इतिहास शिकवता शिकवता मला पंचवीसेक वर्षं झाली. मादागास्कर आलं की वर्गात हा प्रश्न हमखास निघतो आणि हमखास लग्नापाशी अडकतो. लग्नं झाली, त्यात खोटं काही नाही. पण लग्न केलं म्हणून सत्ता मिळाली, असं झालेलं नाही. फौज, बढत्या आणि दप्तर आधीच रेनिलायारिव्हूनी नावाच्या त्या पंतप्रधानाच्या घराण्याच्या हातात होतं. लग्न त्यावर मागाहून चढलं. आणि "राणी नावापुरती" हे तर कोणत्या राणीबद्दल विचारता त्यावर आहे. १८५० सालची राणी आणि १८९० सालची राणी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

आधी नावांचं सांगतो, कारण विद्यार्थी तिथेच धीर सोडतात. मालागासी भाषेत 'ओ' लिहितात त्याचा उच्चार साधारण 'उ' होतो, म्हणून मी रानाव्हालुना, रेनिहारू असं लिहितोय. इंग्रजी नकाशावरून वाचणाऱ्याला ही नावं वेगळी दिसतील. 'रेनि' म्हणजे 'अमक्याचा बाप'. मूल झालं की बापाचं नाव बदलायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे एकच माणूस कागदपत्रांत दोन-तीन नावांनी भेटतो.

राज्य होतं मेरिना लोकांचं, बेटाच्या मधल्या उंच पठारावरचं, राजधानी अंतानानारिव्हो. समाजाचे मोठे थर तीन: आंद्रियाना म्हणजे राजकुळाशी नातं सांगणारे उमराव, हुव्हा म्हणजे स्वतंत्र रयत, आणि खाली गुलाम व राजसेवेतले काळे गट. युरोपीय लेखक सगळ्याच मेरिनांना 'होवा' म्हणून मोकळे झाले, त्याने फार घोळ झाला आहे. कारण या गोष्टीचा सगळा पेच त्या एका शब्दात आहे. पंतप्रधान हुव्हा होते. उमराव नव्हते. राजा व्हायला अंगात 'हासिना' लागायचं, पूर्वजांकडून राजरक्तात उतरणारं पवित्र सामर्थ्य. ते तलवारीने मिळत नव्हतं, पैशाने तर नाहीच.

हासिना ही नुसती कल्पना नव्हती, ती हातात धरता यायची. मादागास्करमध्ये चांदीचे परदेशी डॉलर चालायचे आणि सुट्ट्या पैशांसाठी त्यांचे छिन्नीने तुकडे करून वजनावर देत. बाजारात बहुतेक व्यवहार या तुकड्यांचा. पण राजाला नजराणा द्यायचा तो मात्र अखंड, न कापलेल्या नाण्याचा. त्या नाण्यालाही 'हासिना'च म्हणत. वर्षारंभीच्या फांद्रुआना सणाला राजा किंवा राणी पडद्याआड स्नान करायची आणि ते पाणी जमलेल्या लोकांवर शिंपडायची. पंतप्रधान कितीही बलाढ्य असला तरी ते पाणी त्याला शिंपडता येत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हुव्हा घराणी दरबारात शिरली ती आंद्रियानाम्पुइनिमेरिना या राजाच्या वेळी. १७८७च्या सुमारास त्याने आपल्या मामाला हटवून गादी घेतली, ती काही हुव्हा सरदारांच्या जोरावर. त्यात दोन कुळं पुढे होती: त्सिमाहाफुत्सी आणि इलाफीची त्सिमियाम्बुहुलाही. या दुसऱ्या कुळातून पुढचे पंतप्रधान आले. राजाने उपकार फेडले, मानमरातब दिले आणि या घराण्यांना सल्ल्याचा हक्क मिळाला. त्याचा मुलगा रादामा पहिला (१८१०-१८२८) याने १८१७ मध्ये मॉरिशसच्या इंग्रजांशी तह केला, गुलामांची निर्यात थांबवायचं कबूल केलं आणि बदल्यात बंदुका, कवायतीचे शिक्षक नि मिशनरी घेतले. उभी फौज तयार झाली. अधिकाऱ्यांना दर्जे दिले गेले, त्यांना म्हणायचे 'व्हूनिनाहित्रा', म्हणजे मान. पहिला मान, दुसरा मान, असे चढते. पुढे ही शिडी सोळापर्यंत गेली.

पंतप्रधानांच्या सत्तेचं मूळ शोधायचं तर ते इथे आहे. फौजेला पगार नव्हता. अधिकाऱ्यालाही नव्हता. मग तो जगायचा कशावर? लुटीतल्या वाट्यावर, व्यापारावर आणि आपल्या 'देकां'वर. देका हा शब्द फ्रेंच 'एद-द-कां'चा अपभ्रंश, म्हणजे सेनापतीचा हाताखालचा माणूस. वरचा अधिकारी देकांना लष्करातल्या कष्टाच्या कामांतून वाचवायचा आणि देका त्याच्या वतीने किनाऱ्यावर जाऊन व्यापार करायचे, नफ्यातला वाटा आणून द्यायचे. मोठ्या माणसाकडे असे शेकड्यांनी देका असत. म्हणजे सरकारी दर्जा हीच दुकानाची पाटी. ज्याच्या हातात बढत्या, त्याच्या हातात अख्ख्या राज्याचं पोट.

रादामा १८२८ मध्ये मेला तेव्हा रीतीप्रमाणे भाचा राकुतुबे वारस होता. हुव्हा सरदारांनी आणि काही तरुण अधिकाऱ्यांनी राजवाडा ताब्यात घेऊन रादामाच्या राण्यांपैकी एकीला बसवलं. ती रानाव्हालुना पहिली. राकुतुबे मारला गेला. तिला गादी देणाऱ्यांतला आंद्रियामिहाजा हा तरुण सेनानी तिचा लाडका होता आणि पहिला मुख्य मंत्रीही. दोन वर्षांत त्याच्या विरोधकांनी राणीकडून त्याच्या मृत्यूचा हुकूम मिळवला. मग रेनिहारू आला. तो १८३३ पासून १८५२ मध्ये मरेपर्यंत पंतप्रधान राहिला आणि राणीचा जोडीदारही होता.

आता इथे थांबून सांगतो, कारण लोक सगळ्या राण्यांना एकाच मापाने मोजतात. रानाव्हालुना पहिली कुणाच्या हातातलं बाहुलं नव्हती. रेनिहारूसमोर तिने दुसऱ्या कुळाचा रेनिजुहारी उभा ठेवला होता, आणि दोघांना एकमेकांवर नजर ठेवायला लावून स्वतः वर बसली. ख्रिस्ती धर्मावर बंदी, परदेशी व्यापाऱ्यांवर लगाम, किनाऱ्यावरच्या मोहिमा, हे निर्णय तिचे होते. पंतप्रधान तिचे नोकर होते. श्रीमंत नोकर, पण नोकरच.

रेनिहारूची कबर राजधानीत इसुत्रीला आहे. ती बांधली झां लाबोर्द या फ्रेंच कारागिराने. हा गृहस्थ मादागास्करच्या किनाऱ्यावर येऊन आदळण्यापूर्वी आपल्या मुंबईत धंदा करत होता. त्या कबरीच्या कमानींत हिंदुस्थानी वळण दिसतं, असं बरेच जण म्हणतात. महाराष्ट्राचा या कहाणीशी प्रत्यक्ष धागा असलाच तर एवढा. याच लाबोर्दने राणीसाठी तोफा ओतल्या, बंदुका केल्या, लाकडी राजवाडा बांधला. आणि त्याच्या इस्टेटीवरून पुढे युद्ध पेटलं, ते येईलच.

सगळं उलटं झालं ते मे १८६३ मध्ये.

१८६१ मध्ये राणी गेली, मुलगा रादामा दुसरा गादीवर आला. मनाचा चांगला आणि राज्यकारभारात अगदी कच्चा. त्याने बंदरांवरची जकात उठवली, लांबेर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याला अफाट सवलती देणारी सनद दिली, जुन्या सरदारांना बाजूला सारून 'मेनामासु' म्हणजे 'लाल डोळेवाले' या आपल्या मित्रांच्या टोळक्याचं ऐकू लागला. जकात गेली म्हणजे देकांचा आणि बड्या अधिकाऱ्यांचा धंदा गेला. त्यात गावोगाव 'रामानेंजाना' नावाचा नाचण्याचा झपाटा पसरला: मेलेली राणी अंगात येते म्हणून लोक नाचत राजधानीकडे येऊ लागले. शेवटी राजाने काढलं की माणसामाणसांतली, गावागावांतली भांडणं शस्त्रांनी मिटवायला मोकळीक देणार. पंतप्रधान आणि सरदारांनी त्याच्यासमोर गुडघे टेकून तो हुकूम मागे घ्यायची विनंती केली. त्याने ऐकलं नाही.

पंतप्रधान होता रेनिहारूचा मुलगा रेनिव्हूनिनाहित्रिनिऊनी. (दम लागला तर राहारू म्हणा, तेही त्याचंच नाव.) धाकटा भाऊ रेनिलायारिव्हूनी फौजेवर होता. त्यांनी राजधानीत सैन्य आणलं, मेनामासुंना वेचून मारलं आणि १२ मेला राजाला संपवलं. कसं? रेशमी कापडाने गळा आवळून. राजाचं रक्त सांडायचं नाही म्हणून. हासिना असलेल्या माणसाला मारतानाही मारणारे त्या हासिनाला जपत होते. राजा वाचला आणि पश्चिमेला लपून आहे, अशी आवई पुढे बरीच वर्षं उठत राहिली.

मग त्याच्या विधवेसमोर कागद ठेवला. राणी व्हायचं तर अटी मान्य कर: मद्य प्यायचं नाही. एकटीच्या हुकमाने कुणाला देहान्ताची शिक्षा द्यायची नाही. कायदा राणी, उमराव आणि रयतेचे पुढारी मिळून करतील. फौज मोडायची नाही. धर्म ज्याचा त्याला. आरोपीला विष पाजून खरं-खोटं ठरवायची परीक्षा बंद. तिने मान्य केलं आणि ती रासुहेरिना झाली. युरोपातल्या पत्रांत या अटींचं कौतुक झालं, सनदशीर राज्य आलं म्हणून. मला त्यातलं "फौज मोडायची नाही" हे कलम सगळ्यात बोलकं वाटतं. बाकीची कलमं राणीला बांधणारी होती, हे एक कलम त्यांचं स्वतःचं पोट सांभाळणारं होतं.

राणीने राहारूशी लग्न केलं. पण त्याला सत्ता पचली नाही. दारू, संताप, एकदा नशेत राणीवर शस्त्र उगारलं असंही सांगतात. जुलै १८६४ मध्ये सरदारांनी आणि राणीने त्याला काढलं, आणि सेनापती असलेला धाकटा भाऊ पंतप्रधान झाला. सेनापतिपद त्याने सोडलं नाही. ही दोन पदं आजवर वेगळी होती, ती पहिल्यांदाच एका माणसाकडे आली. त्याची पदवी होती 'प्राइमिनिसित्रा सी कुमान्दियांशेफू': एक शब्द इंग्रजांचा, दुसरा फ्रेंचांचा, दोन्ही मालागासी करून घेतलेले. राणीशी लग्न त्यानंतर. म्हणजे क्रम बघा: आधी फौज, मग कारभार, मग राणी.

रेनिलायारिव्हूनी (१८२८-१८९६) हा माणूस जवळून बघण्यासारखा आहे. त्याचा जन्म अशुभ दिवसाचा निघाला. अशी मुलं घराला घात करतात या समजुतीने काही वेळा तान्ह्या मुलाला मारूनच टाकत. याच्या बाबतीत डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापून दोष काढला आणि मूल आईबापांच्या घराबाहेर, नातेवाइकांकडे वाढवलं. पंतप्रधानाचा मुलगा, पण लहानपणी स्वतःच्या किरकोळ व्यापारावर उभा राहिला. लिहायला-वाचायला शिकला आणि तरुणपणीच राणीच्या दरबारात चिटणिशीचं काम करू लागला. राणीची पत्रं, राणीचा शिक्का कसा चालतो ते त्याने तिथे बघितलं. त्याची पहिली बायको रासुआनालिना, तिच्यापासून सोळा मुलं. राणीशी लग्नासाठी तिला सोडावं लागलं.

१८६८ मध्ये रासुहेरिना मृत्युशय्येवर असताना पदच्युत भावाच्या माणसांनी बंड करून पाहिलं. फौज याच्याकडे होती, बंड फसलं. राणी गेल्यावर त्याने राजघराण्यातली दुसरी स्त्री गादीवर बसवली: रानाव्हालुना दुसरी. १८८३ मध्ये ती गेल्यावर तिसरी, बावीस वर्षांची रानाव्हालुना तिसरी. तो तेव्हा पंचावन्न वर्षांचा. राणी कोण होणार हे आता तो ठरवत होता, पण राणीशिवाय चालवता मात्र त्याला येत नव्हतं. गादी मोकळी ठेवून स्वतः राजा व्हायचं धाडस त्याने एकतीस वर्षांत कधी केलं नाही. फांद्रुआनाचं ते पाणी.

आता तुमचा पेशव्यांचा प्रश्न. साम्य आहे: गादी एकीकडे, कारभार दुसरीकडे, आणि कारभाऱ्याला गादीची मान्यता लागते. पण पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची आणि पेशवे पुण्यात बसायचे. छत्रपती आणि पेशवे यांच्यात शंभर किलोमीटर होते, आणि बापामागून मुलाने पद घ्यायचं हे बहुतेक ठरलेलं. अंतानानारिव्होत पंतप्रधानाचा घुमटवाला वाडा, आंदाफियाव्हारात्रा, राणीच्या रुव्हाच्या म्हणजे राजवाड्याच्याच टेकडीवर, चालत जाण्याच्या अंतरावर होता. राणी नजरेआड होऊच नये अशी सोय. शिवाय त्याच्या मुलांना वारसा मिळाला नाही. राजुएलिना या मुलाला बापाविरुद्ध कट केल्याबद्दल १८९३ मध्ये पकडलं. परराष्ट्रमंत्री झालेला पुतण्याही पुढे हद्दपार झाला. पेशवाई घराण्याची होती. इथली सत्ता एका माणसाची होती, आणि तो म्हातारा होत चालला होता.

त्याने सत्तेची दुसरी केंद्रं कशी मोडली ते बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी १८६९ मध्ये राणी आणि त्याने एकत्र बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याच्या 'सांपी' म्हणजे राजदैवतांच्या पेट्या जाळल्या. मिशनऱ्यांनी हे धर्माचं यश म्हणून लिहिलं. पण केलिमालाझा या दैवताच्या पुजाऱ्यांना उमरावांसारख्या सवलती होत्या आणि ते राणीला दबकून नव्हते. एका दिवसात तो प्रश्न मिटला. १८७७ मध्ये मोझांबिकहून आणलेल्या गुलामांना मुक्त केलं. इंग्रज खूश. पण मुक्त झालेले लोक राणीची रयत झाले, म्हणजे आता त्यांच्याकडून वेठ घ्यायचा हक्क मालकाचा नव्हता, सरकारचा होता. ही वेठ म्हणजे 'फानुम्पुआना', बिनपगारी राजसेवा. तिच्यावरच राज्य चालायचं. १८७९ मध्ये पाच वर्षांची सक्तीची लष्करी नोकरी आली. १८८१ मध्ये ३०५ कलमांची संहिता आणि आठ खाती. कागदावर मंत्रिमंडळ दिसतं. व्यवहारात गावच्या सुभेदाराच्या पत्राचंही उत्तर पंतप्रधानाच्या दप्तरातून जायचं. ती राजदप्तरं आज अंतानानारिव्होच्या पुराभिलेखागारात आहेत, युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीतही आहेत.

सक्तीच्या शाळा निघाल्या. त्याचंही असंच झालं. शाळेत नाव लागलं की मुलगा यादीत आला, आणि यादीतून फौजेत किंवा वेठीत. आईबाप शाळेला घाबरू लागले ते इंग्रजी शिक्षणाला भिऊन नव्हे.

१८८१च्या संहितेतलं ८५वं कलम सांगतं की जमीन परदेशी माणसाला विकता येणार नाही, कारण जमीन राज्यकर्त्याची. लाबोर्द १८७८ मध्ये मेला होता, त्याच्या वारसांनी इस्टेट मागितली, फ्रेंच सरकार त्यांच्यामागे उभं राहिलं. इतर कारणंही होती, वायव्य किनाऱ्यावरचे फ्रेंचांचे जुने दावे वगैरे. १८८३ मध्ये फ्रेंच आरमाराने बंदरांवर तोफा डागल्या. डिसेंबर १८८५च्या तहाने परराष्ट्र व्यवहार फ्रेंच रेसिडेंटच्या हातात, दिएगो सुआरेझचं बंदर फ्रेंचांना, आणि एक कोटी फ्रँक खंडणी. तहात 'संरक्षित राज्य' हा शब्द नव्हता आणि पंतप्रधानाने त्या नसलेल्या शब्दावर दहा वर्षं किल्ला लढवला. परदेशी वकिलांची मान्यतापत्रं कुणी द्यायची, यावर रेसिडेंटशी वर्षानुवर्षं घोळ घातला. मुत्सद्दी म्हणून तो तिथे खरोखर शोभतो. पण खंडणीसाठी पॅरिसच्या बँकेचं दीड कोटीचं कर्ज काढलं आणि सहा बंदरांची जकात तारण गेली. जकात गेल्यावर उरली फक्त वेठ. ती वाढवली, सोन्याच्या खाणींवरही लोकांना बिनपगारी जुंपलं, तसे लोक गावं सोडून रानात पळाले आणि त्यातले काही दरोडेखोर झाले. १८९० मध्ये इंग्रजांनी झांझिबारच्या बदल्यात मादागास्करवरचा फ्रेंचांचा हक्क मान्य केला. ज्या मित्राच्या भरवशावर तो फ्रेंचांना झुलवत होता तोच बाजूला झाला.

राजधानीकडे येणारे चांगले रस्ते मुद्दाम बांधलेले नव्हते. 'हाझू' आणि 'ताझू', म्हणजे जंगल आणि ताप, हे आमचे दोन सेनापती, अशी तिकडची म्हण पहिल्या रादामाच्या नावावर सांगतात. १८९५ मध्ये या दोघांनी आपलं काम चोख केलं: पंधराएक हजारांच्या फ्रेंच फौजेतले सहाएक हजार मेले, बहुतेक सगळे तापाने. लढाईत मेलेले फार थोडे. कारण मेरिना फौज लढलीच नाही फारशी. जिला तीस वर्षं पगार नाही, जिच्या बढत्या वशिल्याने, आणि जिचा सरसेनापती सत्तरीकडे झुकलेला, राजधानीतून पत्रांनी लढाई चालवणारा, ती कशासाठी मरणार? ३० सप्टेंबरला तोफगोळे राजवाड्याच्या टेकडीवर पडले आणि पांढरं निशाण चढलं.

फ्रेंचांनी पंधरवड्यातच पंतप्रधानाला काढलं आणि पुढे अल्जियर्सला पाठवलं. तिथे जुलै १८९६ मध्ये तो मेला. १९०० मध्ये त्याचा देह आणून इसुत्रीला बापाच्या कबरीत ठेवला.

राणीला मात्र त्यांनी लगेच हलवलं नाही. म्हातारा रेनित्सिंबाझाफी पंतप्रधान म्हणून बसवला, राणी गादीवर ठेवली आणि हुकूम तिच्या नावाने काढले. नव्या मालकांनाही सुरुवातीला तीच जोडी लागली. मग पठारावर फ्रेंचांविरुद्ध 'मेनालांबा' बंड पसरलं, राणीचं नाव बंडखोरही घेऊ लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये फ्रेंच सेनापती गालिएनीने राजेशाहीच मोडली आणि राणीला बेटाबाहेर पाठवलं.